स्पेस स्टेशनवरचा प्रयोग जमिनीवरून कसा चालवायचा

अंतराळात प्रयोग म्हटलं की डोळ्यासमोर रॉकेट येतं, तरंगणारा अंतराळवीर येतो, पण तो प्रयोग रोजच्या रोज चालवणारी माणसं जमिनीवर एका खोलीत तीन-चार स्क्रीनसमोर हेडसेट लावून बसलेली असतात हे फार कमी जणांना माहीत असतं. शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनवर गेले तेव्हापासून कॉलेजातली बरीच मुलं विचारायला लागलीत की आपला प्रयोग वर पाठवायचा तर नेमकं काय करायचं, कोणाशी बोलायचं, आणि वर गेल्यावर तो चालवतं कोण. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय. ज्यांना प्रयोग पाठवायचाय त्यांच्यासाठी आहे आणि ज्यांना जमिनीवरच्या अशा सेंटरमध्ये कन्सोलवर, म्हणजे त्या स्क्रीनसमोर, बसायचंय त्यांच्यासाठी पण आहे, कारण दोघांचं काम एकमेकांत इतकं गुंतलेलं असतं की एकाला दुसऱ्याचं माहीत नसेल तर प्रयोगाचं नुकसान होतं.

उदाहरण युरोपचं घेतोय, कारण त्यांनी ही व्यवस्था सगळ्यात मोकळेपणाने देशोदेशी वाटलीय आणि त्यामुळे कोण काय करतं ते स्पष्ट दिसतं.

आधी ही सेंटरं काय आहेत ते बघू

युरोपचं कोलंबस हे लॅब मॉड्यूल फेब्रुवारी २००८ मध्ये अटलांटिस शटलमधून वर गेलं आणि स्टेशनला जोडलं गेलं. या मॉड्यूलची हवा, वीज, पाणी, कॉम्प्युटर हे सगळं सांभाळायला म्युनिकजवळ ओबरफाफेनहोफेनला कंट्रोल सेंटर आहे, त्याला कोल-सीसी म्हणतात आणि अंतराळवीर बोलताना नुसतं 'म्युनिक' म्हणतात. पण आतला प्रत्येक प्रयोग म्युनिकवाले चालवत नाहीत. त्यासाठी वेगवेगळ्या देशांत छोटी सेंटरं आहेत, त्यांना यूसॉक (प्रयोग करणाऱ्यांना मदत करणारी सपोर्ट सेंटरं) म्हणतात, आणि प्रत्येकाकडे ठराविक उपकरणांची जबाबदारी असते. जर्मनीत कोलोनला एमयूएससी आहे, त्यांच्याकडे बायोलॅब हे जीवशास्त्राचं उपकरण आणि धातू वितळवायचं उपकरण. फ्रान्समध्ये तुलूझला कॅडमॉस, ते मानवी शरीरावरचे प्रयोग बघतात. नेपल्सचं मार्स सेंटर द्रवांच्या प्रयोगांचं, त्याला माद्रिदच्या सेंटरची साथ. ब्रसेल्सचं बी-यूसॉक बाहेर बसवलेली उपकरणं सांभाळतं, नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला वर्षानुवर्षं रोपांचे प्रयोग चालले, स्वित्झर्लंडचं बायोटेस्क क्यूबिक नावाचा छोटा इनक्युबेटर बघतं, शिवाय डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये पण आहेत.

अशी वाटणी का केली, तर ज्या विषयाची जाणकार माणसं जिथे आधीपासून होती तिथेच त्या विषयाचं सेंटर ठेवलं. याची सुरुवात स्पेसलॅबच्या, म्हणजे शटलच्या आत बसवायच्या प्रयोगशाळेच्या, काळातली. १९८५ मध्ये चॅलेंजर शटलवर डी-वन मिशन झालं तेव्हा शटल ह्यूस्टनहून चालत होतं पण आतले प्रयोग जर्मनीतून, ओबरफाफेनहोफेनहून चालवले होते. तिथून लोकांना कळलं की प्रयोगाचा ताबा प्रयोगाच्या माणसांजवळ ठेवता येतो.

अमेरिकेचं हेच काम अलाबामात हंट्सव्हिलला चालतं, २००१ पासून चोवीस तास, सणवार काही नाही. जपानचं त्सुकुबाला. स्टेशन म्हणून जे काही आहे त्याची सूत्रं ह्यूस्टन आणि मॉस्कोकडे. तुमचा प्रयोग कुठल्याही देशाच्या रॅकमध्ये (उपकरणं बसवायच्या कपाटात) असला तरी या सगळ्यांशी कुठे ना कुठे गाठ पडतेच, म्हणून नावं पाठ झालेली बरी.

उपकरण बनवायची घाई करू नका

नवीन माणूस पहिला धडाका लावतो तो स्वतःचा बॉक्स डिझाइन करायचा. ते नको. आधी बघा की तुमचा प्रयोग वर आधीच असलेल्या उपकरणात बसतो का. क्यूबिकसारखा इनक्युबेटर साधारण चाळीस सेंटीमीटरचा घन आहे, आत तापमान धरून ठेवतो आणि त्यात एक छोटं सेंट्रिफ्यूज, म्हणजे सॅम्पल गोल फिरवणारं यंत्र, बसतं. हे सेंट्रिफ्यूज फार कामाचं, कारण त्यावर ठेवलेल्या सॅम्पलला पृथ्वीसारखं वजन मिळतं, म्हणजे एकाच ठिकाणी, त्याच रेडिएशनमध्ये, त्याच हवेत, एक गट गुरुत्वाकर्षणासह आणि एक गट त्याच्याशिवाय असे दोन्ही मिळतात, मग जो फरक दिसेल तो नेमका कशामुळे हे सांगता येतं. हे नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार की हा फरक वजनहीनतेचा कशावरून, रॉकेटच्या हादऱ्यांचा किंवा रेडिएशनचा का नाही.

दुसरं, वर पाठवायच्या आधी खाली जेवढं तपासता येईल तेवढं तपासा. ब्रेमेनला ड्रॉप टॉवर आहे, त्यात पावणेपाच सेकंदांच्या आसपास वजनहीनता मिळते, आणि खालून वर फेकलं तर जवळपास दुप्पट. बोर्दोहून पॅराबोलिक फ्लाइट्स होतात, विमान एका उड्डाणात ३१ वेळा वर-खाली झेप घेतं आणि प्रत्येक वेळी साधारण २२ सेकंद मिळतात. तुमचा द्रव बुडबुडे धरतो का, पंप हवा ओढतो का, हे एवढ्या वेळात कळतं. बुडबुड्यांना हलकं समजू नका. जमिनीवर बुडबुडा आपोआप वर जातो, तिथे 'वर' असं काही नसतं, तो जिथे आहे तिथेच बसतो आणि नेमका सेन्सरवर बसतो.

काय हवंय ते आकड्यात लिहा

प्रयोग निवडला गेला की सेंटरची माणसं तुमच्याशी बोलायला लागतात आणि पहिली मागणी असते ती गरजांच्या कागदाची. इथे सगळ्यात जास्त वेळ घाला, माझं मत विचाराल तर अर्धा प्रयोग इथेच होतो.

'तापमान स्थिर असावं' असं लिहिलं तर ऑपरेटरला काहीच कळत नाही. असं लिहा की २२ अंश हवं, एक अंश वर-खाली चालेल, दोन अंश गेलं आणि दोन तासांत परत आलं तरी सॅम्पल वापरू, त्यापलीकडे गेलं तर ते सॅम्पल सोडून देऊ पण बाकीचे चालू ठेवू. हे वाक्य वाचून रात्री तीन वाजता शिफ्टवर बसलेला माणूस तुम्हाला फोन न करता योग्य निर्णय घेऊ शकतो, आणि कधीकधी फोन करायला वेळच नसतो. प्रत्येक गोष्टीसाठी हेच करा, प्रकाश किती वेळ, अंधार किती वेळ, फोटो किती तासांनी, सॅम्पल फ्रीजरमध्ये जायला उशीर झाला तर किती उशीर चालतो.

आणि मग सगळ्यात अवघड प्रश्न, काय सोडायला तयार आहात. वैज्ञानिक म्हणतो सगळंच महत्त्वाचं आहे, मी समजू शकतो, पाच-सात वर्षं घातलेली असतात त्यात. पण वर अंतराळवीराचा वेळ कमी पडेल, वीज कमी पडेल, परत येणाऱ्या कॅप्सूलमध्ये जागा कमी पडेल, यातलं काहीतरी होणारच, आणि तेव्हा तुम्ही आधी ठरवलेलं नसेल तर तुमच्या वतीने दुसरं कोणीतरी ठरवेल. म्हणून क्रम लावून द्या: एवढं झालं तरी पेपर लिहिता येईल, एवढं झालं तर उत्तम, आणि एवढं झालं तर सोनं.

सेफ्टीचं थोडक्यात सांगतो. कुठलंही रसायन, बॅटरी, काच, जिवंत सॅम्पल असेल तर सेफ्टी पॅनेलसमोर टप्प्याटप्प्याने जावं लागतं, सुरुवातीच्या डिझाइनला एकदा आणि शेवटी प्रत्यक्ष वस्तू तयार झाल्यावर. पेशी मारून जतन करायला जी फिक्सेटिव्ह वापरतात ती विषारी असतात, तिथे एक आवरण फुटलं तरी दुसरं-तिसरं शाबूत राहिलं पाहिजे असा नियम. बंद डब्यात माणसं राहतायत, खिडकी उघडता येत नाही, त्यामुळे यात कोणी सवलत देत नाही आणि देऊ पण नये. रसायन बदलायचं असेल तर लवकर बदला, शेवटच्या टप्प्यात बदललं की सगळं परत पहिल्यापासून.

प्रोसिजर लिहिताना

अंतराळवीर तुमच्या विषयातला नसतो. तो पायलट असेल, डॉक्टर असेल, त्याने तुमच्या प्रयोगाचं ट्रेनिंग काही महिन्यांपूर्वी एकदा घेतलेलं असतं आणि मधे त्याने दुसरे कितीतरी प्रयोग केलेले असतात. त्याचा दिवस मिनिटामिनिटाला आखलेला, त्यात साधारण अडीच तास व्यायामाला जातात. तर त्याच्या हातात जो कागद जाणार, म्हणजे टॅबलेटवरची प्रोसिजर, ती अशी पाहिजे की वाचली आणि हात चालला.

एका स्टेपला एकच काम. आधी वस्तू कुठे आहे ते, कुठल्या बॅगेत, बॅगेवर कुठला बारकोड, कारण स्टेशनवर वस्तू शोधण्यात वेळ फार जातो आणि हे प्रोसिजर लिहिणारे नेहमी विसरतात. मग फोटो. फोटो प्रत्यक्ष उडणाऱ्या वस्तूचा किंवा हुबेहूब तशाच वस्तूचा, ड्रॉइंग नको. प्रत्येक महत्त्वाच्या स्टेपनंतर काय दिसायला हवं ते लिहा, हिरवा दिवा लागेल, क्लिक असा आवाज येईल, आणि नाही दिसलं तर काय करायचं ते तिथेच लिहा, 'सेंटरला कळवा' एवढं तरी लिहाच. जिथे थांबता येत नाही ती जागा ठळक सांगा, म्हणजे एकदा हे चालू केलं की पुढचे वीस मिनिटं दुसरं काम करता येणार नाही, कारण मधेच त्याला दुसरीकडून बोलावणं येऊ शकतं आणि तो बिचारा थांबेल, त्याला काय माहीत की तुमच्या पेशी तेवढ्यात मरतात.

ग्लव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, करायचं काम असेल तर जाड हातमोजे घालून स्वतः करून बघा. तरंगणाऱ्या माणसाचे पाय एका पट्टीत अडकवलेले असतात आणि एका हाताने तो स्वतःला धरून असतो असं समजून एका हाताने करून बघा. खाली चार मिनिटांत होणारं काम वर आठ-दहा मिनिटं घेतं, तेव्हा वेळ मागताना खालचा आकडा सांगू नका.

प्रोसिजर झाली की ती तुमच्या टीममधल्या कोणाला देऊ नका, बाहेरच्या माणसाला द्या, अकाउंट्समधल्या कोणाला दिलीत तरी चालेल, आणि तुम्ही मागे गप्प उभे राहा. तो जिथे अडला तिथे वाक्य बदला, त्याला समजावून सांगू नका, कारण वर समजावून सांगायला तुम्ही नसणार.

प्रत्येक यूसॉककडे वरच्या उपकरणाची जमिनीवर एक प्रत असते, तिला ग्राउंड मॉडेल म्हणतात. तुमचा अख्खा प्रयोग, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, त्यावर खऱ्या वेळेत करून बघायचा असतो. बारा दिवसांचा असेल तर बारा दिवस. लोक म्हणतात एवढं कशाला, महत्त्वाच्या स्टेप करून बघू, पण नाही, पूर्ण करा, कारण आठव्या दिवशी मेमरी भरते किंवा नवव्या दिवशी पाणी संपतं हे आठवा-नववा दिवस आल्याशिवाय कळत नाही.

कन्सोलवर

आता खरं काम. पहिली गोष्ट घड्याळ. सगळं जीएमटीवर, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेवर, चालतं आणि तारखेऐवजी वर्षातला दिवस मोजतात. शुक्लांचं उड्डाण आपल्याकडे २५ जूनला दुपारी १२ वाजून १ मिनिटाने झालं, कन्सोलवर ते दिवस १७६, ०६:३१. तुम्ही भारतातून जोडलेले असाल तर साडेपाच तास मनातल्या मनात वजा करायचे नाहीत, समोर दुसरं घड्याळ लावायचं. थकल्यावर वजाबाकी चुकते.

दुसरी गोष्ट आवाज. हेडसेटमध्ये एकाच वेळी पाच-सहा लूप चालू असतात, म्हणजे पाच-सहा संभाषणं, एकात ह्यूस्टन, एकात म्युनिक, एकात अंतराळवीर. सवय होईपर्यंत डोकं गरगरतं, मग हळूहळू कान आपल्या नावावर उठायला लागतो. बोलताना ज्याला हाक मारायची त्याचं नाव आधी आणि आपलं नंतर, मग लूपचं नाव, मग थांबायचं, त्याने 'गो अहेड' म्हटल्यावर बोलायचं आणि दोन वाक्यांत संपवायचं. अंतराळवीराशी कोणीही उठून बोलत नाही, त्यासाठी ठरलेला माणूस असतो, युरोपकडून युरोकॉम, हंट्सव्हिलकडून पेकॉम. तुमचा प्रश्न त्याच्यामार्फत जातो. कधीकधी अवघड प्रयोगात वैज्ञानिकाला थेट बोलायची परवानगी मिळते, मिळाली तर आधी वाक्य कागदावर लिहून घ्या.

तिसरी गोष्ट सिग्नल. स्टेशनचा डेटा आधी वर, उंचावरच्या रिले सॅटेलाइटकडे जातो आणि तिथून खाली येतो. मधे सॅटेलाइट बदलताना किंवा स्टेशनचाच एखादा भाग अँटेनाच्या आड आल्यावर सिग्नल जातो, याला एलओएस म्हणतात, परत आला की एओएस. हे कधी होणार याचं वेळापत्रक आधी मिळतं. त्यामुळे एलओएसच्या दोन मिनिटं आधी अशी कुठलीही कमांड पाठवायची नाही जिचा परिणाम बघावा लागेल. आणि सिग्नल गेला म्हणून प्रयोग थांबत नाही, तो चालूच असतो, तुम्हाला दिसत नाही एवढंच, डेटा वर साठतो आणि नंतर उतरतो. नवीन ऑपरेटर स्क्रीन गोठली की घाबरतात, त्यांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवावं लागतं.

चौथी, लॉग. काय केलं, किती वाजता, कोणी सांगितलं, काय दिसलं. ताबडतोब लिहायचं, शिफ्ट संपताना आठवून नको. पुढच्या शिफ्टचा माणूस आला की त्याच्याबरोबर बसून वाचायचं, तो स्वतःहून 'घेतलं' म्हणेपर्यंत खुर्ची सोडायची नाही.

आणि ही शिस्त कोरडी वाटली तरी तिच्यामागे किती माया असते ते काही उदाहरणं बघितल्यावर कळतं. कोलोनवाले जे धातू वितळवायचं उपकरण चालवतात त्यात काही मिलिमीटरचा धातूचा गोळा चुंबकीय क्षेत्रात कशालाही न टेकता तरंगत ठेवतात, वितळवतात आणि थंड होताना कॅमेऱ्याने बघतात. भांडं नाही म्हणजे भांड्याची अशुद्धी नाही, म्हणून ते मोजमाप मोलाचं. पण अंतराळवीर व्यायाम करायला लागला की स्टेशनला सूक्ष्म हादरे बसतात, म्हणून हा प्रयोग अंतराळवीर झोपले की चालवतात, आणि कोलोनचा ऑपरेटर रात्रभर जागा असतो.

ब्रसेल्सची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. कोलंबसच्या बाहेर सोलार नावाचं उपकरण होतं, सूर्याची ऊर्जा वेगवेगळ्या तरंगलांबीत मोजणारं, आणि ते बी-यूसॉक चालवायचं. दीड-दोन वर्षांसाठी पाठवलेलं हे उपकरण २००८ ते २०१७ असं नऊ वर्षं चाललं. अडचण अशी की स्टेशनच्या कक्षेमुळे सूर्य सोलारच्या टप्प्यात सलग दोन आठवडेसुद्धा राहायचा नाही, आणि सूर्याला स्वतःभोवती फिरायला पंचवीस दिवसांच्या वर लागतात, म्हणजे एक पूर्ण फेरी सलग कधी दिसायचीच नाही. मग वैज्ञानिकांनी विचारलं की सूर्य दिसण्याच्या दोन खिडक्यांच्या (कालावधींच्या) मधल्या काळात स्टेशनच थोडं वळवता येईल का. असं विचारायला पण धाडस लागतं हो, चारशे टनांचं स्टेशन एका उपकरणासाठी वळवा म्हणणं. पण मागणी नीट मांडली, किती अंश, किती दिवस, कशासाठी, आणि मग अँटेना, सोलर पॅनेल, बाकीच्यांचे प्रयोग, सगळ्यांचा हिशोब बघून १ डिसेंबर २०१२ ला स्टेशन दोन तास घेऊन सात अंश वळलं आणि दहा दिवस तसंच राहिलं. विज्ञानाच्या कारणासाठी स्टेशनची दिशा बदलली ती पहिल्यांदा. यातून शिकायचं हे की सपोर्ट सेंटरच्या माणसाला तुमचं खरं वैज्ञानिक कारण समजलेलं असेल तर तो तुमच्यासाठी वरपर्यंत भांडतो, नुसता आकडा दिला असेल तर तो कशाच्या जोरावर भांडणार. म्हणून गरजांच्या कागदात प्रत्येक आकड्याशेजारी एक ओळ 'का' याची लिहा.

काही बिघडलं तर

बिघडणारच. पहिली पायरी, काही करू नका, आधी बघा. उपकरण आणि माणसं सुरक्षित आहेत का, टेलिमेट्रीत, म्हणजे वरून येणाऱ्या आकड्यांत, नेमकं काय बदललं, किती वाजता, त्या वेळी स्टेशनवर दुसरं काय चाललं होतं. मग कोल-सीसीला सांगा, मग ग्राउंड मॉडेलवर तेच घडवून बघा, आणि उपाय सुचला तर तोही आधी तिथेच करून बघा. थेट वरच्या उपकरणावर प्रयोग नको. बंद करून चालू करणं ही पण एक कमांड आहे, तिच्यामुळे पुरावा पुसला जातो.

याची तयारी सिम्युलेशनमध्ये होते. सगळी सेंटरं एकत्र बसून खोटा दिवस चालवतात आणि एक टीम मुद्दाम बिघाड घालत असते, सेन्सर मेला, लिंक गेली, आग लागल्याचा अलार्म. त्या दिवशी वैज्ञानिकांनी पण बसावं अशी माझी फार इच्छा असते, बहुतेक जण येत नाहीत आणि मग खऱ्या दिवशी कोणाला कुठल्या नंबरवर फोन करायचा तेच माहीत नसतं.

अंतराळवीरच सॅम्पल असेल तर

हाडं, स्नायू, डोळे, हृदय, झोप यावरच्या प्रयोगांत वेगळी काळजी. उड्डाणाआधी त्याच माणसाची मोजमापं घ्यावी लागतात, परतल्यावर लगेच आणि नंतर काही महिने परत, कारण तुलना त्याची त्याच्याशीच असते. माणसं थोडी, म्हणून एका प्रयोगाला पुरेसे लोक मिळायला वर्षं लागतात. संमती लेखी, आणि तो कधीही नाही म्हणू शकतो, कारण न देता. डेटावर नाव येता कामा नये, आणि मोजक्या जणांच्या क्रूमध्ये वय-उंची लिहिली तरी माणूस ओळखू येतो, हे लक्षात ठेवून पेपर लिहा. रक्त काढायचं असेल तर उपाशीपोटी किती तास, सेंट्रिफ्यूज किती वेळात, फ्रीजर कुठला, हे सगळं त्याच्या नाश्त्याच्या आणि व्यायामाच्या वेळेत बसवावं लागतं, त्यासाठी प्लॅनरशी, म्हणजे अंतराळवीरांचं वेळापत्रक आखणाऱ्याशी, महिनोन् महिने आधी बोलायला लागा.

लाँच पुढे गेलं तर, आणि परत येताना

लाँच पुढे जातं हे गृहीत धरा. अ‍ॅक्झियम-४ चं, म्हणजे शुक्लांच्या मोहिमेचं, उड्डाण २९ मेला ठरलं होतं, सरकत सरकत २५ जूनला झालं. जिवंत सॅम्पल असेल तर अशा वेळी काय, किती दिवसांनी नवा संच लावायचा, तो लावायला लॅब लाँचच्या जागेजवळ आहे का, किती संच सोबत नेलेत, हे प्लॅनमध्ये पाहिजे. शुक्लांनी नेलेल्या प्रयोगांत मूग आणि मेथी होती ते उगाच नाही, कोरडं बी थांबू शकतं, पाणी घालेपर्यंत त्याचं घड्याळ चालू होत नाही. प्रयोग निवडताना हा गुण आहे का ते बघा.

परत येणाऱ्या गाड्या मोजक्या. प्रोग्रेस आणि सिग्नससारखी मालवाहू यानं वातावरणात जळून जातात, सोयुझमध्ये जागा फार कमी, मोठा भार ड्रॅगन यानावर आणि ते समुद्रात उतरतं. तोपर्यंत सॅम्पल फ्रीजरमध्ये, तिथून थंड बॅगेत, तिथून बोटीवर, तिथून लॅबमध्ये, या साखळीत प्रत्येक हस्तांतराला तापमानाची नोंद करणारा सेन्सर सोबत ठेवा. आणि जे वर केलं तेच खाली, त्याच वेळापत्रकाने, वरच्या तापमानाची खरी नोंद वापरून, एक जमिनीवरचा संच चालवा. तो काही दिवस उशिराने चालवला तर वर तापमानात जे चढउतार झाले तेही तसेच देता येतात.

आपल्याकडून सुरुवात कुठे करायची

बंगळुरूला इस्रोचं मानवी अंतराळ उड्डाण केंद्र २०१९ पासून आहे, गगनयान आणि पुढे २०३५ पर्यंत स्वतःचं स्टेशन असा बेत आहे, म्हणजे अशी सपोर्ट सेंटरं आपल्याला पण लागतील आणि त्यात बसणारी माणसं पण. पण तोवर थांबायची गरज नाही. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा शेवटचा टप्पा कक्षेत ठेवून त्यावर प्रयोग बसवतात, त्याला पोएम म्हणतात. ३० डिसेंबर २०२४ ला गेलेल्या पोएम-४ वर चवळीचं बी रुजलं, आणि त्याच उड्डाणात मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशींचा प्रयोग पाठवला होता, त्याचा जोडसंच जमिनीवर विद्यापीठात चालणार अशा आखणीने. तिथे अंतराळवीर नाही, पण गरजांचा कागद, कमांड, टेलिमेट्री, जमिनीवरचा संच हे सगळं तेच आहे.

कन्सोलवरच्या नोकरीसाठी अमुकच डिग्री लागते असं नाही, बायोलॉजीवाले, मेकॅनिकलवाले, फिजिक्सवाले सगळे असतात. हॅम रेडिओ (हौशी रेडिओ) क्लबमध्ये जा, तिथे थोडक्यात आणि स्पष्ट बोलायची सवय लागते. कॉलेजच्या सॅटेलाइट टीममध्ये असाल तर ग्राउंड स्टेशनचं काम मागून घ्या, ते सहसा कोणाला नको असतं. आणि लॅबमधला तुमचा सध्याचा कुठलाही प्रयोग घ्या, त्याची प्रोसिजर वर सांगितली तशी लिहा, दुसऱ्या डिपार्टमेंटच्या मित्राकडून करून घ्या, तुम्ही शेजारच्या खोलीत बसा, तो फोनवर जे सांगेल तेवढंच तुम्हाला कळेल असं ठेवा आणि मधेच दहा मिनिटं फोन बंद ठेवा. मुलाखतीला जाल तेव्हा ती लिहिलेली प्रोसिजर आणि त्या दिवसाचा लॉग सोबत न्या.